शिंप्याचं बिऱ्हाड उडेपर्यंत

बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर
३ एप्रिल २०२५

विहीणबाई आवडाबाईंना सुलेखाचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडं सगळे सुखरूप आहेत. पत्र लिहायची पाळी तुमच्या कानांनी आणली. परवा फोनवर मी म्हणाले, "मोगऱ्याला कळ्या आल्यात." तुम्ही विचारलंत, "कळा आल्यात? कुणाला?" आणि मी पुढं काही बोलायच्या आत तुमच्या राजनंदिनीसाठी खंडोबाला नवस बोलून मोकळ्या झालात. माझा सत्यम अजून हसतोय. सून मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला वाटतं मीच तुमच्या कानात काहीतरी भरवलं. मी भरवून तुमच्या कानात काही जातं का, ते तिनं आधी बघावं.

म्हणून आता पत्र. तुम्ही म्हणता, मोठा फोन तुमचं बोट ओळखत नाही, काचेला बोट म्हणजे खुरपं वाटतं. कागदाला तरी तसं काही वाटणार नाही.

बत्तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, पण घरामागच्या बारा बाय पंधरा फुटांत उन्हाळा कसा येतो ते या वर्षीच बसून बघतेय. निवृत्तीचा हा पहिला उन्हाळा. सकाळी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसते आणि दर दोन दिवसांनी माझं एकेक अज्ञान उघडं पडतं. तुमचं सगळं आयुष्य मेंढरांमागं रानात गेलं, म्हणून तुम्हाला विचारते. तीन प्रश्न आहेत.

पहिला. कढीपत्त्याच्या पानावर पाखराची घाण पडली होती. मी काडीनं काढायला गेले तर ती चालायला लागली. दुसरा. कुंपणावरच्या सरड्याचा गळा लालभडक झालाय, कुणीतरी चावल्यासारखा. मी हळद लावायला गेले तर पळाला. तिसरा. अंगठ्याएवढं एक हिरवट पाखरू तुळशीपुढच्या निरांजनातली वात रोज चोरून नेतं. ते कशाला?

मुद्देसूद उत्तरं लिहा. अक्षरालाही गुण आहेत.

तुमची विहीण,
सुलेखा

*

फुगवट्याची वस्ती, ता. पैठण
८ एप्रिल

मास्तरीणबाईंना आवडाबाईचा रामराम.

पत्र मिळालं. सातवीनंतर पहिल्यांदाच एवढं लिहायला बसले, तवा अक्षराचे गुण कापा, पण उत्तराचे कापू नका.

घाण चालत नसती बाई. ती अळी हाये. पाखरानं खाऊ नये म्हणून पाखराच्याच घाणीचं सोंग घेती. थोडी मोठी झाली की हिरवी व्हईल, मग काळं फुलपाखरू. तोवर तुमचा कढीपत्ता खाईल, त्याला इलाज नाय.

सरड्याला कुणी चावलं नाय. तो लग्नाला उभा राह्यलाय. चैतात गडी असाच लाल व्हतो अन् उठाबशा काढतो. तुम्ही त्याला हळद लावायला गेल्या, हे आमच्या वस्तीवर सांगितलं तर बाया अर्धा घंटा हसत व्हत्या. म्हणल्या, संभाजीनगरात सरड्याची हळद बी विहीणच लावती का.

वात नेणारा शिंपी हाये. मोठ्या पानाचं झाड बघा, तुमच्या अंजिरात असल. दोन पानं जवळ आणून तो चोचीनं टाके घालतो अन् आत कापसाची गादी करतो. जवळ जाऊन वाकून बघत बसू नका. तुमचा चष्मा चमकतो, त्याला भ्या वाटल.

दोन वंजळी मातीत तुम्हाला एवढं दिसतंय, बरं हाये. हितं धरणाचं पाणी मागं सरलंय, गाळाच्या जमिनीवर कलिंगडाचे वेल पसरलेत. खडकावर टिटवीनं चार अंडी घातलीत. मी अन् माझ्या दोन शेळ्या, तिघी खुशाल हाओत. मागल्या मंगळवारी रस्त्याच्या कडंच्या चारीत पडले, गुडघा सोलला, बाकी काही नाय. मोटारसायकलवाल्यानं हॉर्नच वाजवला नाय. आजकालच्या पोरांना रीत राह्यली नाय.

अन् ऐकू मला नीट येतं. तुमचा फोन पुटपुटतो.

आवडाबाई

*

बजाजनगर
१३ एप्रिल

आवडाबाई,

तीस पैकी तीस. शिंपी अंजिरातच निघाला. तुम्ही जवळ जाऊ नका म्हणालात, म्हणून मी सत्यमची लहानपणीची दुर्बीण शोधून पायरीवर बसले. समोरच्या गच्चीवरच्या पुंजाराम मिस्त्रींना वाटलं मी त्यांच्यावर पाळत ठेवतेय. त्यांनी शर्ट घातला.

काय शिवलंय हो ते. पानाच्या कडेला भोकं पाडून धागा आरपार नेलाय आणि बाहेरून गाठीसारखा फुगवलाय. मी शाळेत विज्ञानाबरोबर शिवणाचा तासही घ्यायचे तेव्हा पोरींना एवढं सरळ कधी जमलं नाही, मलाही नाही. काल नर-मादी दोघं बाहेर गेल्यावर मोबाइल काठीला बांधून वरून फोटो काढला. आत तीन अंडी आहेत, निळसर, तांबड्या ठिपक्यांची, शेंगदाण्यापेक्षा जरा मोठी. आता मादी बसून असते. तिची शेपटी तेवढी पानाबाहेर दिसते.

तुम्ही चारीत पडलात ते वाचलं. हॉर्नची गोष्टही वाचली. गंमत अशी की त्या मोटारसायकलवाल्याच्या मावशीची सून राजनंदिनीबरोबर दवाखान्यात नर्स आहे. तो म्हणतो, पन्नास पावलांपासून हॉर्न वाजवत होतो, आजी वळल्याच नाहीत. मी यावर काही बोलत नाही. फक्त कळवते.

एक विचारायचं होतं. पाखरू अंड्यावर बसलेलं असताना झाडाची फांदी तशीच कापून दुसरीकडं बांधली तर चालतं का? माझ्यासाठी नाही, शेजारणीसाठी विचारते. तिच्या मागच्या जागेत थोडं काम निघालंय. पुंजाराम मिस्त्री टेप घेऊन येऊन गेले. म्हणजे तिच्याकडं.

गुडघ्याला काय लावलंत? मला लावायला हळद देऊ नका.

सुलेखा

*

फुगवट्याची वस्ती
१८ एप्रिल

सुलेखाबाई,

शेजारणीला सांगा, फांदी हलवायची नाय. बिऱ्हाड हललं की माय अंडी टाकून जाती, मग ती थंड पडत्यात. अंजीर तोडायचा असल तर पिलं उडेपर्यंत दम धरायचा.

आता दुसरं. शेजारणीकडं बी अंजीर, तुमच्याकडं बी अंजीर, दोन्हीत शिंपी, अन् दोन्हीकडं बसलेलं पाखरू. मी सातवी शिकले, पण मेंढरं मोजायचं काम माझंच व्हतं. एका मेंढराचे दोन झाले की मला लगेच कळतं.

टेप तुमच्या परसात पडलाय. कशाला, ते बी मला म्हाईत हाये. सत्यमरावांना चारचाकी घ्यायचीय. राजनंदिनी मागं फोनवर गाडी गाडी करत व्हती. गाडी उभी करायला आईचा मोगरा उपटणार अन् फरशी टाकणार. जावयाला बोलू नये म्हणत्यात, पण हे पत्र त्यांच्यापुढं वाचून दाखवा.

सत्यमराव, सासूचा रामराम. तुमच्या आईनं बत्तीस वर्षं लोकाची पोरं सांभाळली. आता तिला दोन झाडं सांभाळू द्या. गाडी रस्त्यावर उभी राह्यली तर ती रडत नाय. माझ्याकडून कमी जास्त झालं असल तर माफी करा, पण मोगरा उपटू नका.

वाचलं का त्यांनी? तोंड कसं झालं ते कळवा.

त्या मोटारसायकलवाल्याला म्हणावं, चुगल्या करणं हे गड्याचं काम नव्हं.

आवडाबाई

*

बजाजनगर
२३ एप्रिल

आवडाबाई,

पत्र वाचून दाखवलं. सत्यमचं तोंड कसं झालं ते सांगते, पण आधी मला खोटं बोलल्याची माफी द्या. खोटं मला कधीच नीट जमलं नाही. पोरंसुद्धा माझ्या तोंडावरून ओळखायची की उद्या परीक्षा आहे.

सत्यमचं तोंड परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखं झालं. राजनंदिनी उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले तर ती ओट्याला टेकून रडत होती. तेव्हा ठरवलं, आता तुम्हाला खरं सांगून टाकायचं.

आवडाबाई, गाडी कुणाला नकोय, ती फोनवर 'घरी या, घरी या' म्हणत होती. ती जागा तुमच्या खोलीसाठी आहे.

तुम्ही चारीत पडल्याचं त्या नर्सकडून कळल्यापासून तुमच्या लेकीला झोप नाही. मुंजाबादादांना, तिच्या वडलांना, जाऊन चार वर्षं झाली. आई एकटी, मागून काय येतं ते तिला ऐकू येत नाही, बोलावलं तर येत नाही. तुम्हाला तीन वेळा विचारलं, तर तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, लेकीच्या घरी मी कुठं राहू, जागा कुठंय. म्हणून दोघांनी ठरवलं की जागाच करायची. मागं एक खोली आणि संडास-बाथरूम, दार वेगळं, म्हणजे तुम्हाला लेकीच्या सासूच्या घरात राहिल्यासारखं वाटायला नको. अक्षय तृतीयेला, म्हणजे तीस तारखेला, कुदळ मारायची.

आता मी कशी वागले तेही लिहिते, नाहीतर पुढं तुम्हाला दुसरीकडून कळेल. मी तीन दिवस भांडले. म्हणाले, माझं काहीच राहू देणार नाही का. त्या तीन दिवसांत मला तुमच्यापेक्षा मोगरा जास्त प्यारा होता. चौथ्या दिवशी तुमचं पत्र आलं, सरड्याच्या हळदीचं. हसता हसता खाली चारीत पडल्याचं तुमच्या हातचं वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. मग सत्यमला म्हटलं, बांध.

फक्त शिंप्यासाठी थांबा म्हणतेय. काल पिलं बाहेर आली, तीन. अंगावर एक पीस नाही, नुसती चोच आणि भूक. आई दर पाच मिनिटाला अळी आणते. कढीपत्त्यावरची ती चालणारी घाण तिनंच संपवली असावी.

रागावू नका.

सुलेखा

*

फुगवट्याची वस्ती
२८ एप्रिल

सुलेखाबाईंना रामराम.

पत्र मिळालं. खोली नको. पुंजाराम मिस्त्रींना नको म्हणून कळवा. राजनंदिनीला सांगा, मी धडधाकट हाये.

शेळ्या बऱ्या हायेत.

आवडाबाई

*

बजाजनगर
२ मे

आवडाबाई,

तुमचं एवढंसं पत्र मी पाकीट उलटं करून झटकून बघितलं, आणखी काही पडतं का म्हणून. रागाचा शब्दही नाही, चिडवणंही नाही. शेळ्या बऱ्या आहेत हे कळलं. त्यांच्याकडून तुमची खुशाली कळवून घ्या.

अक्षय तृतीयेला पुंजाराम मिस्त्री नारळ आणि कुदळ घेऊन आले होते. मी त्यांना पायरीवर बसवलं, दुर्बीण हातात दिली. दहा मिनिटं बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, आमच्यापेक्षा काम साफ हाय याचं. प्लास्टर नाय, सेंट्रिंग नाय, अन् पंधरा दिवसांत बिऱ्हाड आत." नारळ फोडला, प्रसाद वाटला, कुदळ तशीच परत नेली. सत्यम म्हणाला, आई, मुहूर्त गेला. मी म्हटलं, ज्यांचा मुहूर्त होता त्यांनीच खोली नाकारलीय.

पिलांना आता पिसं फुटलीत. घरटं कमी पडायला लागलंय. एकाचं डोकं एका बाजूनं बाहेर, दुसऱ्याची शेपटी दुसऱ्या बाजूनं. परवा शेजारचं मांजर भिंतीवर आलं तेव्हा आईबापांनी एवढा आरडाओरडा केला की मी पोळी तव्यावर टाकून झाडू घेऊन धावले. पोळी जळली. सत्यमनं ती मुकाट्यानं खाल्ली, हल्ली तो शहाणा झालाय.

तुम्हाला खोली नको, ठीक आहे. पण माझ्या खोलीत दोन खाटा मावतात, मी मोजून बघितलं. एक खिडकीशी, एक दाराशी. मी घोरते असं सत्यमचे वडील म्हणायचे. तुम्हाला त्याचा त्रास व्हायचं काही कारण नाही. अशी सोबतीण मला दुसरीकडं कुठं मिळणार?

यावर तरी रागावून मोठं पत्र लिहा.

सुलेखा

*

फुगवट्याची वस्ती
७ मे

सुलेखाबाई,

तुमच्यावर राग नव्हता. माझं मन ठिकाणावर नव्हतं. कुणालाच सांगितलं नाय ते तुम्हाला लिहिते. राजनंदिनीला दाखवू नका. दाखवलं तरी आता काय.

तुमचं खोलीचं पत्र आलं त्याच दिवशी सकाळी शेळ्या घेऊन खडकाकडं गेले व्हते. ती टिटवी उठली अन् माझ्या अंगावर आली. डोक्यावरून एकदा गेली, दोनदा गेली, मग पुढ्यात उतरून पंख पसरून उभी राह्यली. चोच अशी वासलेली. पण आवाज नाय. मला वाटलं टिटवीच मुकी झाली, का गळ्यात काही अडकलं. तिच्याकडं बघत मी एक पाऊल पुढं टाकलं, अन् पायाखाली काहीतरी मऊ झालं.

अंडं व्हतं. आत पिलू जवळजवळ तयार झालेलं.

चाळीस वर्षं बाई. मी अन् ह्यांनी शंभर शंभर मेंढरं त्याच खडकावरून नेली. टिटवी ओरडली की आम्ही मेंढरं वळवायचो. कधी एक अंडं फुटलं नाय. आपल्या मेंढरांनी रान खाल्लं, पण कुणाचं घर तुडवलं नाय, असं हे लई गर्वानं सांगायचे. अन् आता एकटी मी, दोन शेळ्या, अन् माझ्याच पायानं.

तिनं सांगितलं व्हतं. मलाच ऐकू आलं नाय.

तीन दिवस मी तिकडं गेले नाय. चौथ्या दिवशी लांबून बघितलं, ती राह्यलेल्या तिनांवर बसली व्हती. काल तिन्ही पिलं दगडातून पळत व्हती. तिचं तिनं निभावलं.

ऐकायला येत नाय हे मला म्हाईत व्हतं. दोन वर्षं झाली. आधी पाखरं गेली, मग शेळीच्या गळ्यातली घाटी, मग माणसं. कुणाला कळू देत नव्हते. कळलं तर म्हणतील म्हातारी झाली, उचला अन् लेकीच्या दारात नेऊन ठेवा. म्हणून तुमचा फोन पुटपुटतो म्हणायचे. फोन बरा हाये तुमचा.

तुमचा मोगरा माझ्यापायी जाऊ देऊ नका. खाली मोगऱ्याचं मूळ अन् वर माझी खाट, मला झोप लागायची नाय.

तुम्ही घोरता हे लग्नात वऱ्हाडाच्या खोलीत झोपले तवाच कळलं व्हतं. तवा कान बरे व्हते.

आवडाबाई

*

बजाजनगर
११ मे

आवडाबाई,

पत्र दोनदा वाचलं. राजनंदिनीला दाखवलं नाही, पण तिला एवढं सांगितलं की आई कान दाखवायला येणार आहे. तुम्ही हो म्हणायच्या आधीच सांगितलं, म्हणजे आता तुम्हाला यावंच लागेल.

अंड्याबद्दल मी तुमचं सांत्वन करत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही. एवढंच म्हणते, ज्या बाईला एका अंड्यासाठी तीन दिवस खडकाकडं जाववत नाही, तिनं आपल्या कानांना दोन वर्षं असं वाऱ्यावर सोडावं हे शोभत नाही.

क्रांती चौकाजवळ कानाच्या डॉक्टरीण आहेत, तनुजा नाव. माझीच विद्यार्थिनी. सातवीत वर्गात बोलते म्हणून मी तिला कान पकडून उभी केली होती. आता ती लोकांचे कान तपासते. ओळख सांगितल्यावर फोनवर म्हणाली, "बाई, मी अजून तुम्हाला घाबरते, पेशंट पाठवा." गुरुवारची वेळ घेतलीय. सत्यम बुधवारी पैठणला येईल आणि तुम्हाला बसनं घेऊन येईल. शेळ्या चार दिवस शेजारी बांधा.

खोलीचा विषय मी बंद केलाय. सत्यमला सांगितलं, आता टेप दिसला तर मी तोच अंजिराला गुंडाळीन. तुम्ही कान दाखवायला या आणि परत जा. कुणी अडवणार नाही.

आणि शिंपी उडाले. परवा सकाळी सातला पहिलं पिलू घरट्यातून जास्वंदीवर पडलं म्हणावं की उडालं, मला कळलं नाही. दुसरं लगेच. तिसरं मात्र कडेवर बसून राहिलं, अर्धा तास. आई चोचीत अळी धरून समोर, आणि हे काही हलेना. मी पायरीवर, चहा गार. राजनंदिनीला ड्यूटीला उशीर होत होता तरी उभी. शेवटी ते उडालं आणि सरळ माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यावर येऊन बसलं. लुगडं अजून धुतलेलं नाही, त्यावर त्याची खूण आहे. तुम्हाला दाखवायची आहे.

बुधवारी.

सुलेखा

*

फुगवट्याची वस्ती
२६ मे

सुलेखाबाईंना आवडाबाईचा रामराम.

सुखरूप पोचले. सत्यमराव पार घरापत्तोर आले, पिशवी हातात दिली नाय. शेळ्यांनी मला ओळखलं, मी त्यांचा आवाज ओळखला. थोरलीचा आवाज एवढा घोगरा हाये हे मी विसरलेच व्हते.

कानाचं मशीन दिवसभर लावते. पहिले दोन दिवस जीव हैराण झाला. पदराचा आवाज, भांड्याचा आवाज, स्वतःचंच चावणं. तुमच्या घरी तर मिक्सर लावला की मला वाटायचं धरणाचे दरवाजे उघडले. तनुजाबाई म्हणल्या सवय व्हईल, तशी झाली. वस्तीवर बाया आधी मशीनकडं बघायच्या, आता तोंडाकडं बघून बोलत्यात. काय काय बोलायच्या माझ्या मागं, ते बी समजायला लागलंय. त्यांना अजून अंदाज नाय.

खडकावर जाऊन आले. पिलं आता मोठी झालीत. टिटवी मला बघून जी काही बोलली, ते सगळं ऐकून घेतलं. मी उभी राह्यले तिचं बोलणं संपेपर्यंत.

आता महत्त्वाचं लिहिते.

तुमच्याकडून निघायचा दिवस आठवा. सकाळी तुम्ही मागं मोगऱ्याला पाणी घालत व्हत्या. मी पायरीवर चहा घेत बसले व्हते, तुमच्याकडं पाठ करून. तुम्ही झाडांशी बोलता हे चार दिवसांत मला कळलंच व्हतं. सरड्याला राजे म्हणता, जास्वंदीला आळशी म्हणता. त्या दिवशी मोगऱ्याला म्हणालात, "चालली ही आज. चार दिवस घर कसं भरलेलं वाटलं. सत्यमचे वडील गेल्यापासून माझ्याशी असं कुणी भांडलं नाही. राहा म्हटलं तर तिला वाटेल लेकीसाठी म्हणते, दया करते. कसं सांगू, मला स्वतःलाच हवीय ही." मग नाक पुसलंत, अन् पुढच्या कुंडीकडं गेलात.

नहाणं झाल्यावर मशीन लावायचं असा नियम तनुजाबाईंनी घालून दिला व्हता, तुम्हाला वाटलं ते अजून डबीत हाये. पण मी त्या दिवशी पहाटंच नहाले व्हते. मशीन कानात व्हतं, पदराखाली.

मी वळले नाय. चहा संपवला, कप धुतला, अन् बसमधी बसले. पैठणपत्तोर बोलले बी नाय. सत्यमरावांना वाटलं मला गाडी लागली.

आठ दिवस विचार केला. लेकीनं बोलावलं तर मला ओझं झाल्यासारखं वाटतं. जावयानं खोली बांधली तर उपकार वाटतो. पण मोगऱ्याला पाणी घालता घालता कुणी असं म्हणल, त्याला नाय म्हणायला माझ्याकडं कारण सापडंना. लई शोधलं.

तवा असं. शेळ्या दिराच्या सुनेला, साळूबाईला, दिल्या. घर राह्यलं, गाळाच्या जमिनीत पेरणीच्या वक्ताला अन् सुगीला मी हितं येणार. तुम्ही बी माझ्यासंगं यायचं, अन् चपला काढून गाळात उतरायचं. बाकीचे दिवस तुमच्याकडं. खिडकीशी जी खाट हाये ती माझी. तिथून अंजीर दिसतो, मी झोपून बघितलंय. त्यावर भांडण ऐकून घेणार नाय.

येत्या रविवारी सकाळच्या बसनं निघते. कुणाला घ्यायला पाठवू नका, मला आता हॉर्न ऐकू येतो. संगं लेंडीखताचं एक पोतं हाये, तुमच्या मोगऱ्याला. कळ्या बारीक हायेत त्याच्या, तोंडावर सांगितलं नव्हतं.

अन् जे मला सांगायचं ते मलाच सांगत जा. झाडाला कशाला मधी घालता.

आवडाबाई